दोनशे समाधानी ग्राहक

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेत काउंटरवर बसतात. गेली दोन वर्षं ते अर्थशास्त्र, बँकिंग आणि वित्त या विषयांत एम.ए. करताहेत. करताहेत आपलं म्हणायचं. वाचनालयातून पुस्तकं ताई आणते, नोट्स ताई काढते, भावोजी नुसता टेंभा मिरवतात. घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं तरी मागणी-पुरवठ्यावर अर्धा तास ऐकावं लागतं. हा माणूस मला कधीच आवडला नाही, आणि ते मी लपवतही नाही.

काउंटरवर तर हे मानही वर करत नाहीत. समोर पेन्शनवाली म्हातारी ताटकळत उभी असली तरी "फॉर्म चुकलाय, परत भरा" एवढंच. आणि अशा माणसाने प्रबंधाला विषय कुठला घ्यावा? 'बँकेच्या सेवेबाबत ग्राहकांचे समाधान'! मी ऐकलं तेव्हा हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

दोनशे ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. रोज शंभरेक माणसं खिडकीशी येतात, पण भावोजींनी एकालाही विचारलं नाही. सगळा गठ्ठा घरी, जेवणाच्या टेबलावर भरला गेला. ताईने निळ्या पेनने, भाचीने काळ्या, आणि अक्षर वेगळं यावं म्हणून भावोजींनी डाव्या हाताने. निष्कर्ष काय, तर चौऱ्याण्णव टक्के ग्राहक समाधानी. सोनेरी अक्षरांत बाइंडिंगसुद्धा झालं.

ही पदवी मिळाली तरच ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयाची अट बघता ही शेवटचीच संधी होती.

शनिवारी तोंडी परीक्षा झाली. मी ताईकडेच होते. भावोजी पाय आपटत घरात शिरले.

"त्या परीक्षक बाईचं डोकं फिरलंय! म्हणते, दोनशे माणसं, वीस प्रश्न, आणि एकानेही एक रकाना रिकामा सोडला नाही? आठ दिवसांत नवीन प्रश्नावल्या आणा म्हणे, नाहीतर नापास."

भावोजींनी पिशवीतून कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काढून ताईपुढे आपटला.

"बस लिहायला. या वेळी मधेमधे थोडे रकाने रिकामे सोड."

"अहो, सोमवारी खिडकीशी येणाऱ्या लोकांनाच विचारा ना."

"त्यांना? वेडी आहेस का? ते वाईटच सांगणार. निष्कर्ष छापून झालाय माझा!"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने स्वतःचं एम.ए.चं शिक्षण लग्नापायी अर्धवट सोडलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने गठ्ठा उचलला, नीट जुळवला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"मग व्हा नापास," ती म्हणाली. "पुस्तकं मी वाचली, परीक्षा मीच देईन. एम.ए.च्या प्रवेशाचा माझा फॉर्म परवाच भरलाय."

भावोजी गठ्ठा हातात धरून आशेने माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं होतं, अशा वेळी तरी त्यांची दया येईल. नाही आली.