बेकरीच्या काउंटरपुढची दोन फूट जागा

भूतबाधा, अंगात येणं... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर वेड्यात काढतो. आजही काढतो. म्हणून हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय.

मी बीडला दुकानांचं इंटिरियर करतो. दुष्काळाच्या साली कडा गावाजवळच्या एका खेड्यात दहा बाय बाराच्या बेकरीचं काम मिळालं. बसायची सोय नाही, काउंटरवरून पाव घ्यायचा आणि निघायचं. मालकीण संगीताताई. दहा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. आता कोयता हातात धरायचा नाही, हा तिचा हट्ट. गाळा दूध सोसायटीचा. जनावरं चारा छावणीत गेली, दूध संकलन बंद पडलं, म्हणून चेअरमननं तो भाड्यानं दिलेला.

हा चेअरमन म्हणजे कडक इस्त्रीतला रिकामा डबा. गावात टँकर चार दिवसांनी येतो आणि याला दुकानात कारंजं पाहिजे! मी ऐकलं नाही. पांढरा सनमायका, काचेचं शोकेस, पिवळे दिवे — बास.

उद्घाटनाला सकाळीच गर्दी झाली. पण सगळे काउंटरच्या उजवीकडं एकमेकांच्या अंगावर, आणि डावीकडं दोन फूट जागा मोकळी. यांना धड उभं राहायचीही अक्कल नाही, असं पुटपुटत मी एकेकाला तिकडं सरकवलं. सरकायचे, परत यायचे. शेवटी एसटीतून उतरलेल्या एका परक्या माणसाला म्हटलं, इकडं या. तो म्हणाला, "आधी त्या मावशींचं होऊ द्या की."

तिथं कुणीही नव्हतं.

दिव्याची सावली पडत असेल म्हणून मी दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी काउंटरच फूटभर सरकवला. लोक तसेच उभे.

तिसऱ्या दिवशी चेअरमन आला. थांबणं त्याला माहीतच नाही; गर्दीतून घुसून थेट डावीकडं गेला — आणि थबकला. दोन पावलं मागं आला. खालच्या आवाजात म्हणाला, "मावशे, तुझं दूध चांगलं हुतं." मग आमच्याकडं बघितलं आणि काही न घेताच निघून गेला.

मी संगीताताईला खोदून विचारलं. संकलन चालू असताना याच गाळ्यात त्यानं एका म्हातारीच्या दुधात पाणी आहे म्हणत चारचौघांत तिची किटली ओतून दिली होती. ती दिवसभर तिथंच उभी राहिली. पुढं लेकाबरोबर कर्नाटकात तोडीला गेली, ती परतलीच नाही.

"हाय का गेली, कुणालाच ठाव न्हाई," ताई म्हणाली. "उभी ऱ्हाऊ द्या सायेब. मला तिची काय अडचण न्हाई."

बेकरी उत्तम चाललीय. चेअरमनचे पाव आता त्याचा ड्रायव्हर नेतो. सगळ्या गावाला एकदम भ्रम होतो म्हणावं, तर त्या एसटीतल्या माणसाचं काय? परवा तिकडून जाताना मी पाव घ्यायला थांबलो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी शहाण्यासारखा उजवीकडं उभा राहिलो... आणि ताईनं विचारेपर्यंत माझी पाळी यायची वाट बघितली.