हाक ऐकू आली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दोन पेग झाल्यावर मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून तुमचं माझ्याबद्दल मत वाईट झालं तरी माझं काही बिघडत नाही. बघा — सुरुवातच अशी. मी काही गोड माणूस नाही.

माझा साडू, श्रीरंग. माझ्या बायकोच्या — मुग्धाच्या — धाकट्या बहिणीचा नवरा. ते कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला; आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला. तो पुण्याचा, मी नागपूरचा. पहिल्याच भेटीत त्यानं माझं नाव 'नागपूर' ठेवलं आणि ते चिकटलं. "काय नागपूर, आज लवकर उठलं वाटतं?" सगळे हसायचे. मीही हसायचो. हसल्याशिवाय दुसरं काय करणार? चिडलो असतो तर 'जोकसुद्धा कळत नाही' हे वर ऐकलं असतं.

पण माझ्या रागाचं खरं कारण ते नाव नव्हतं. मध्ये एकदा माझा जॉब गेला होता. व्हिसाची मुदत संपत आली होती, मुग्धानं सूटकेसेस खाली काढून ठेवल्या होत्या. तेव्हा ह्याच माणसानं ओळखीतल्या कुणाला तरी फोन करून मला इंटरव्ह्यू मिळवून दिला. मी आज या देशात आहे तो त्याच्यामुळे. आणि ते तो कधी विसरू देत नसे. चार लोक जेवायला बसले की हमखास — "नागपूर तर निघालंच होतं परत. आपण थांबवलं!" ज्यानं आपलं भलं केलं त्याचा द्वेष करता येतो का? येतो. शत्रूचाही इतका मनापासून करता येत नाही.

कवाईची आयडिया त्याचीच. कवाई म्हणजे हवाईतलं एक बेट. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरून कड्यांच्या पोटातून एक पायवाट जाते. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. एक दिवस चालायचं, शेवटच्या बीचवर तंबूत झोपायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत. बायका आणि त्याची मुलगी ईरा भाड्याच्या घरात राहणार, आम्ही दोघं ट्रेकला जाणार. श्रीरंग कॉलेजात असताना सह्याद्रीतले सगळे किल्ले फिरला होता, निदान तो तसं सांगायचा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी. नखं कापून ठेव, नाहीतर उतारावर काळी पडतात. कॉटनचे मोजे आणलेस तर मी परत पाठवीन. जड सामान पाठीला चिकटून भर. आणि मग ईराकडे वळून, "काकांचं मिनेसोटा सपाट आहे गं, त्यांना डोंगर चित्रात दाखवावा लागतो."

ईरा तेव्हा शाळेत होती. "बाबा, stop it," म्हणायची, पण हसायची. तिच्या लेखी तिच्या बापाला न येणारी गोष्ट जगात नव्हती.

मी तयारी केली. बाहेर बर्फ, तेव्हा ऑफिसच्या पार्किंगच्या जिन्यावर पाठीवर बासमतीचं पोतं घेऊन वर-खाली करायचो. लोक बघायचे. सांगू का, त्या जिन्यावर मी कशाचा विचार करायचो? तो धापा टाकतोय आणि मी पुढे उभा आहे, याचा. बेट, समुद्र, डोंगर — यातलं काही डोक्यात नसायचं.

ट्रेकला निघालो त्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. तिथली माती लाल, आणि ओली झाली की साबण. सुरुवातीचे ओढे आम्ही बरे पार केले. तो पुढे, मी मागे. बोलणं त्याचं, ऐकणं माझं. कड्यालगत रानबकऱ्या दिसल्या, पिकलेले पेरू वाटेत पडून कुजलेले — त्यांचा वास अजून आठवतो. दुपारकडे झाडी संपली आणि वाट उघड्या कड्यावर आली. तिथे ती जेमतेम दोन पावलांएवढी रुंद होते. वर कातळ, खाली थेट समुद्र. श्रीरंग बुटाची नाडी बांधायला थांबला. "हो पुढे नागपूर, बघू तुझा जिना किती कामाला येतो," म्हणाला.

मी पुढे झालो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण कातळाला हात लावून, खाली न बघता, गेलो पलीकडे. वळण घेतलं. तिथे वाट पुन्हा रुंद होती. मी एका दगडावर टेकलो.

आणि हाक आली.

"ए नागपूर! थांब जरा!"

नेहमीचाच आवाज, हुकमी. मी मनात म्हटलं, थांबलोच आहे की. बाटली काढून पाणी प्यायलो.

"अविनाश!"

हे माझं नाव. त्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

"अविनाश, पाय हलत नाहीये रे माझा."

वळणाच्या पलीकडे, अगदी जवळ होता तो. त्याच्या बुटाखालून खडे घसरत होते, तेसुद्धा ऐकू येत होते. थोडं मागे गेलो असतो, हात पुढे केला असता — संपलं असतं. मी दगडावर बसून राहिलो. घाबरून नाही. दमून नाही. मला ऐकायचं होतं म्हणून.

"अविनाश, प्लीज. ये ना रे."

मग नुसतंच, "आई गं."

मी गेलो नाही.

मागून एक मुलगी येत होती, एकटीच ट्रेक करणारी, विशीतली असेल. तिनं त्याला आणलं. तिचा आवाज मला ऐकू येत होता — हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसा. वळणावरून दोघं दिसली तेव्हा श्रीरंग जवळजवळ रांगत होता. गुडघे लाल, तळहात सोललेले, ओठ पांढरे. मी उठलो, लगबगीनं पुढे झालो. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "ही वॉज कॉलिंग यू," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

"ऐकू नाही आलं का रे?" श्रीरंगनं विचारलं. रागावून नाही. खरंच विचारत होता.

"हेलिकॉप्टर होतं ना डोक्यावर," मी म्हणालो.

टुरिस्टांची हेलिकॉप्टर्स सकाळपासून त्या कड्यांभोवती फिरत होती. पण तेव्हा आकाशात एकही नव्हतं. तो वर बघून मान हलवत म्हणाला, "हो, असेल."

दुसऱ्या दिवशी परत त्याच कड्यावरून यायचं होतं. त्यानं हात पुढे केला आणि मी त्याचं मनगट धरून त्याला पावला-पावलानं अलीकडे आणलं. "डोळे माझ्या पाठीवर ठेव, खाली बघू नकोस," असं म्हणत होतो मी. माझ्या आवाजात माया होती. कुठून आणली, कुणास ठाऊक.

त्यानं घरी सगळं सांगितलं. स्वतः गोठलो ते लपवलं नाही, माझंच कौतुक केलं. "अविनाश होता म्हणून आलो परत." माझी मेहुणी, मेघना, रडली. तिनं माझे दोन्ही हात धरले. मुग्धा माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर फारशी बघितली नव्हती. मी काय केलं? "अरे, त्यात काय एवढं," म्हणालो. वर पुन्हा नम्रता!

त्यानंतर 'नागपूर' बंद झालं. कायमचं. तो मला अविनाश म्हणतो, सणाला स्वतः फोन करतो, माझ्या नोकरीचा विषय चुकूनही काढत नाही. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. मात्र तो डोंगरावर पुन्हा गेला नाही. घरामागच्या टेकडीवरसुद्धा नाही. पाठपिशव्या, तंबू, काठ्या — सगळं देऊन टाकलं. ईरासोबत त्याचा दर उन्हाळ्यात एक ट्रेक असायचा, तो त्यानं दोनदा कॅन्सल केला, तिसऱ्यांदा ठरवलाच नाही. मेघना मुग्धाला फोनवर म्हणाली, "झोपेत दचकतो गं. आणि गप्प झालाय." स्पीकर ऑन होता. मी भांडी विसळत होतो, विसळत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात ईराचा मला फोन आला. कॉलेजला जायच्या आधी तिला त्यांच्या कॅलिफोर्नियातल्याच सिएराच्या डोंगरात जायचं होतं. "काका, will you come? बाबा won't do it." मी गेलो. श्रीरंगनं आम्हाला पायथ्यापर्यंत सोडलं. तिच्या सॅकचे पट्टे त्यानं स्वतः आवळले. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू आहेस म्हणून पाठवतोय." बाप म्हणून जी जागा त्याची होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं मला दिली — आणि मी ती घेतली. ट्रेक छान झाला. फोटो आहेत.

इथेच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, एका क्षणाचा राग, माणूस आहे, होतं. म्हणूनच एक राहिलंय ते सांगतो. 'आई गं' म्हटल्यावर तो गप्प झाला होता. बराच वेळ काहीच आवाज नाही. खाली पडला असेल, असं तुम्हाला वाटलं असतं ना? मलाही ते सुचलं. तरी मी जागचा हललो नाही. मान तिरकी करून, श्वास रोखून बसलो होतो. त्यानं अजून एकदा हाक मारावी, असं मला वाटत होतं.