कांबळेबाईंची दोन सभागृहं

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा इमारतीतल्या पाटीलकाकांचा फोन आला. "महेश, बाई गेल्या रे... खुर्चीतच. टीव्ही चालू होता, लोकसभेत मतदान चाललेलं." माझ्या तोंडून पटकन निघालं, "निकाल लागलेला का?" काका हसले आणि हसता हसताच रडायला लागले. आमच्या कोपरच्या इमारतीत कोणालाही हाच प्रश्न पडला असता. निकाल लागल्याशिवाय कांबळेबाई टीव्हीसमोरून कधी उठल्याच नाहीत.

बाईंनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर आम्हा शेजाऱ्यांना. लोक क्रिकेट बघतात तशी त्या संसद बघायच्या. समोरच्या दारातून हाक यायची, "अरे ये लवकर, कलमवार चर्चा सुरू झाली." मी चहाचा कप हातात घेऊनच धावायचो. एकदा सहज विचारलं, लोकांनी निवडलेलं एक सभागृह असताना दुसरं हवंच कशाला? बाई उसळल्याच. "लोकसभा म्हणजे थेट लोकांचा आवाज. सरकार तिथेच टिकतं, तिथेच पडतं, पैशाच्या विधेयकावर शेवटचा शब्दही तिचाच. पण अरे, माणसाचं डोकं आज तापतं, उद्या निवतं. म्हणून राज्यांनी पाठवलेली माणसं दुसरीकडे बसवली. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, थोडे जातात, थोडे येतात. कायदा पुन्हा एकदा शांतपणे वाचणारं कोणी नको का घरात?" बोलताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला संसदेपेक्षा त्यांच्याकडेच बघावंसं वाटायचं.

सोसायटीच्या अध्यक्ष झाल्यावर त्यांनी हेच इमारतीत आणलं. गच्चीवरची सभा आमची लोकसभा, आणि जिन्याखालच्या बाकावर बसणारे ज्येष्ठ म्हणजे राज्यसभा. सगळ्यांच्या गुडघ्यांपायी आमचं वरिष्ठ सभागृह तळमजल्यावर भरायचं, याचं बाईंना फार हसू यायचं. गच्चीत ठरलेलं बाकावर जायचं, तिथल्या सूचना घेऊन परत वर यायचं. आम्ही पोरांनी सुरुवातीला टर उडवली. पण पाण्याच्या टाकीवरून होणारी हातघाई थांबली ती त्या बाकामुळेच.

मग लिफ्टचा प्रस्ताव आला. लिफ्ट बसवायची तर तळमजल्यावरची मुलांची अभ्यासिका जाणार होती. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघे सांभाळा नाहीतर घर बदला. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, तिथे बसून दम घ्यायचा आणि मग उरलेला जिना. त्यांना लिफ्ट हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. गच्चीवर हात वर झाले... आणि दोन्ही बाजू समसमान. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. मी मनात पेढेसुद्धा वाटून टाकले होते. बाई उभ्या राहिल्या. "बरोबरी झाली की अध्यक्षाने आहे ते राहू द्यायचं, म्हणजे चर्चेचा रस्ता खुला राहतो. माझं मत विरोधात."

निकाल बाकावर सांगायला खाली उतरताना मी त्यांच्याशी भांडलो. "बाई, तुमच्या गुडघ्यांचं काय?"

स्टुलावर बसत त्या म्हणाल्या, "गुडघे माझे आहेत रे, खुर्ची तुमची आहे."

तेव्हा राग आला होता. आज त्या वाक्याने ऊर भरून येतो.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर मला बसवलं. लिफ्ट पुन्हा चर्चेला आली, आणि या वेळी बाकावरून सूचना घेऊन पाटीलकाका स्वतः जिना चढून आले, भिंतीला धरत. मागच्या वेळी तेच विरोधकांचे पुढारी होते. म्हणाले, "मागच्या बाजूने काढा. माझ्या गाडीची जागा जाईल... जाऊ दे. पोरांची खोली राहते." मी विचारलं, विरोधात कोणी? बाई हे विचारून प्रत्येक चेहऱ्याकडे बघत थांबायच्या, कोणी बुजून गप्प बसलंय का म्हणून. मीही थांबलो. एकही हात वर आला नाही, आणि टाळ्यांनी गच्ची दणाणून गेली.

आता मागे खोदकाम सुरू झालंय. लिफ्ट झाली की त्या जिन्यात दम घ्यायला कोणाला थांबावं लागणार नाही. तरी दुसऱ्या मजल्यावरचं स्टूल हलवायचा प्रस्ताव अजून दोन्ही सभागृहांत कोणीच मांडलेला नाही.