डाव्या बाजूचं साडीगार्ड

माझी मोटरसायकल टेम्पोतून उतरवल्यावर मेकॅनिकने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि पहिलं काम काय केलं, तर मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. डॉक्टरकडे पेशंट आला की तो आधी फोटो काढतो का? पण याची रीतच तशी. गाडी आली की एक व्हिडिओ, दुरुस्त होऊन निघाली की दुसरा, दोन्ही जोडायचे, मागे गाणं लावायचं आणि सगळ्या जगाला दाखवायचं. सोलापूरच्या भवानी पेठेतलं त्याचं गॅरेज म्हणजे एक शटर आणि पुढचा अर्धा रस्ता. शेजारी यंत्रमाग चालतात, त्यामुळे तिथे कुणीच हळू बोलत नाही.

"काका, मागचा भाग खलास!" तो ओरडला.

ते मलाही दिसत होतं. माझा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता, डोळे शाबूत होते. मोडनिंबहून परत येताना हे झालं. मोडनिंब हे माझ्या बायकोचं माहेर. मेव्हण्याने हुरड्याला बोलावलं होतं, ती असताना दरवर्षी जायचो म्हणून गेलो. ती गेल्याला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. येताना हायवेवर गाडी उजवीकडे ओढत गेली, हँडल दुभाजकाला घासलं आणि मी पडलो. मागेपुढे कुणी नव्हतं म्हणून खांद्याच्या हाडावर निभावलं. गाडी मात्र डाव्या अंगावर आडवी होऊन लांबपर्यंत फरफटत गेली. मागची सीट फाटली, मडगार्ड चेपलं, आणि डाव्या बाजूचं साडीगार्ड आणि पायदान यांचा मिळून एक लोखंडी गोळा झाला.

रस्त्यात बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, मागे कुणी नव्हतं. आणि त्यानंतर जे रडू आलं ते हायवेवरच्या लोकांना खांद्याच्या दुखण्याचं वाटलं.

गाडी ओढते ही तक्रार नवी नव्हती. बायको गेल्यानंतर कधीतरी ते सुरू झालं. सरळ रस्त्यावरसुद्धा उजवीकडे जायची. मी जुळे सोलापुरात राहतो. घराजवळच्या दोन गॅरेजमध्ये दाखवून झालं होतं. एकाने टायर बदललं, दुसऱ्याने हँडलचे बेअरिंग बदलले, आणि दोघांनीही शेवटी सांगितलं की गाडीत काही दोष नाही. मी म्हटलं, वा, नाचता येईना अंगण वाकडं. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मी मालाची तपासणी केली आहे. टॉवेलची कड सूतभर तिरकी असली तरी मी तो बाजूला काढायचो. विणकर मला तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे ते तेलुगूत असल्यामुळे मला कळायचं नाही, तेच बरं. वाकडं काय आणि सरळ काय हे मला कुणी शिकवायचं?

भवानी पेठेतल्या या जुन्या मेकॅनिककडे मी मुद्दामच जात नव्हतो. तो बायकोला ओळखायचा. त्याच्या दारात स्टुलावर बसून ती त्याला कामावरून बोलायची आणि निघताना पिशवीतली शेंगाची चटणी काढून द्यायची. ती गेल्यावर तो घरी भेटून गेला. त्यानंतर मला अशीच गॅरेजं बरी वाटू लागली जिथे तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. पण एवढी मोडलेली गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन धजेना.

"दोन रस्ते हायत काका," तो म्हणाला. "एक तर जशी होती तशी करायची. मागचं जुनं सामान शोधावं लागंल, लई टाइम जाईल. न्हाईतर मागची चेसी हितनं कापू, शेपूट उडवू, एकच सीट बसवू. काळी गाडी, तांबडी सीट. अशी दिसंल की लोक वळून बघतील."

"माझ्याकडे वळून बघून लोकांना काय मिळणार?"

"अवो, पण मागं बसतंय कोण आता?"

बोलून गेला आणि त्याने हातातला पाना उगीचच फडक्याने पुसायला घेतला. "सॉरी काका," म्हणाला. मागांच्या खडखडाटातही ते मला नीट ऐकू आलं. मी म्हटलं, मला विचार करू दे.

विचार काय करायचा होता? आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्या मागच्या सीटवर तिच्याशिवाय कधी कुणी बसलं नव्हतं, फार तर ज्वारीचं पोतं. ती एका बाजूला पाय सोडून बसायची. साडी असो की शेवटी शेवटी घालू लागली ते पंजाबी ड्रेस असोत, बसणं तेच. डावा हात सीटच्या कडीला, उजवा माझ्या खांद्यावर, पाय त्या पायदानावर आणि पदर गुडघ्याखाली दाबलेला. "बसलीस का?" मी विचारायचो. "बसले," म्हणायची. मग गाडी हलायची. एकदा सात रस्ता चौकाच्या बाजूला पेट्रोल भरलं, मी विचारलं, ती काहीतरी म्हणाली, आणि मी निघालो. महागाईवर बोलत बोलत बराच पुढे आलो. मग गाडी कशीतरीच वाटायला लागली म्हणून मान वळवली, तर मागे नुसती सीट! परत गेलो तेव्हा ती पंपावरच्या पोरींशी गप्पा मारत उभी होती. "तुमचं भाषण संपलं का?" एवढंच विचारलं. हा किस्सा तिने मोडनिंबात इतक्या वेळा सांगितला की मेव्हण्याच्या जावयालाही पाठ आहे.

मी निर्णय देईना, म्हणून मेकॅनिकने बाकीचं काम काढलं. हँडल, टाकी, चेसी सरळ करणं. आणि मी रोज दुपारी जेवून रिक्षाने भवानी पेठेत जायला लागलो. तिच्या त्याच स्टुलावर बसायचो. चहा यायचा. कुणी गिऱ्हाईक मला विचारायचं, काका, कुठं पडलात? मी सांगायचो. एकाच अपघाताची मी इतकी वर्णनं केली की शेवटी त्यात ट्रक आला. घरी मला असं विचारणारं कुणी नव्हतं. तिथे मी डब्यातली कडक भाकरी मोडून आमटीत कुस्करायचो. कडक भाकरी ज्याने शोधली तो एकटा राहत असणार, अशी माझी खात्री आहे. ती महिनाभर टिकते आणि ताजी का नाही असं कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर गाडीचं ठरेपर्यंत मला जायला एक जागा होती, म्हणून मी ठरवत नव्हतो.

मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, इकून टाका की ती गाडी. त्या गाडीवर आता तुमचं ध्यान ऱ्हात न्हाय. वय झालं, पडलासा, आता बास करा." माझ्या काळजीनेच बोलत होता. पण त्याच्या तोंडून 'आता बास' ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. बास कशाचं? बहीण गेली म्हणून दाजी पण बास? फोन ठेवला तो तसाच पायात चपला सरकवून गॅरेजमध्ये गेलो आणि म्हटलं, "काप."

"काय?"

"शेपूट. एक सीट बसव. मागे कुणी बसत नाही, बसणार नाही. काप."

मेकॅनिकला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे खडूने चेसीवर रेघ मारली, सीटच्या बरोबर मधोमध. त्या रेघेच्या पुढचं राहणार, मागचं भंगारात. मी ती रेघ बघत उभा राहिलो. रेघ अगदी सरळ होती. मला त्यात काढायला खोट सापडली नाही याचाच राग आला.

"पण कापायच्या आधी एक चक्कर मारून घ्या," तो म्हणाला. "चेसी सरळ झाली का न्हाई ते कळंल. एकदा कापल्यावर मागं फिरता यायचं न्हाई."

माझा हात तोवर मोकळा झाला होता. फाटकी सीट दोरीने बांधली, मागे मडगार्ड नाही, साडीगार्ड नाही, अशा त्या बोडक्या गाडीवर मी बसलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

"अजून ओढतेय," मी म्हटलं. "उजवीकडे. तशीच आहे. काय सरळ केलंस?"

तो गाडीवर बसला. गल्लीत जरा वेग घेतला आणि दोन्ही हात सोडून दिले. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली. दोनदा करून दाखवलं त्याने. मी म्हटलं, असेल, तू हलका आहेस. तो हसला. "परत जावा. मी मागनं व्हिडिओ घेतो. चाक हाललं तर त्यात दिसंल."

मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तो मोबाइल बघत होता. "चाक तर बराबर हाय की," म्हणाला. "काका, तुमी जरा सरळ बसा बगू. व्हिडिओ लई वाकडा दिसतोय." आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी माझी पाठ पहिल्यांदाच पाहत होतो. पांढरा शर्ट, टक्कल, आणि सगळं अंग उजवीकडे कललेलं. खांदा खाली, कंबर एका बाजूला, डोकं तिरकं. दुसऱ्या बाजूने कुणीतरी बसलंय आणि त्याचा भार मी इकडून तोलून धरलाय, असा माणूस. आणि डाव्या बाजूला नुसती गल्ली. एक शेळी उभी होती तिथे.

एका बाजूला बसणाऱ्या बाईला घेऊन गाडी चालवायची तर पुरुषाला दुसऱ्या बाजूला झुकावं लागतं. हे कुणी शिकवत नाही. अंग आपोआप शिकतं आणि आपल्याला सांगत नाही. ती गेली, माझ्या अंगाला कुणी कळवलंच नाही. ते आपलं तिला तोलत राहिलं. टायर बदललं, बेअरिंग बदलले, दोन गॅरेजवाल्यांना नावं ठेवली, आणि अंगण सरळच होतं. पेट्रोल पंपावर तिला विसरून निघालो तेव्हा गाडी कशीतरीच का वाटली होती, तेही मला आत्ता कळलं. आणि हायवेवरचा माझा पहिला विचार किती खोटा होता तेही. बरं झालं मागे कुणी नव्हतं, म्हणे. ती मागे असती तर गाडी सरळ गेली असती.

"काय झालं काका?" मेकॅनिकने विचारलं.

मी मोबाइल त्याच्या हातात दिला. मग खिशातला रुमाल काढून चेसीवरची खडूची रेघ पुसली. ती नीट जाईना, पांढरं फासलं गेलं, तरी पुसत राहिलो. तो बघत होता.

"जशी होती तशी कर," मी म्हटलं. "दोघांची सीट. पायदान पण."

"आणि साडीगार्ड?"

"साडीगार्ड आधी."

त्याने काय ताडलं कोण जाणे. "हौ काका," एवढंच म्हणाला आणि पुढे वाद घातला नाही. तांबड्या सीटचं त्याला वाईट वाटलं असणार. जुनं सामान मिळायला वेळ लागला, आणि त्या काळात मी रोज जात राहिलो. गाडी निघाली त्या दिवशी त्याने नेहमीसारखा व्हिडिओ केला. तो फारसा कुणी पाहिला नाही असं तोच म्हणाला. साहजिक आहे, आधी होती तशीच गाडी कोण बघणार?

आता मी सरळ बसायला शिकतोय. या वयात शिकायची ही गोष्ट आहे का, पण न शिकून चालणार नाही, पुन्हा दुभाजक गाठीन. सकाळी विजापूर रोडला गर्दी नसते तेव्हा जातो. दुकानांच्या काचांमध्ये बघून खांदे सारखे करतो. तिथे मला एक गोष्ट कळली, ती मी मेकॅनिकलाही सांगितलेली नाही. काचेत मी अगदी सरळ दिसत असतो, पण अंगाला ते सरळ वाटत नाही. अंगाला वाटतं, गाडी डावीकडे झुकली. त्या बाजूला कुणीतरी बसल्याचं वजन येतं, जितकं होतं तितकं.

सवय झाली की ते जाईल. तोपर्यंत मी रोज सकाळी जाऊन सरळ बसतो.