टाकीकडची खोली

माणूस मूर्खपणा करतो तो एखाद्या दिवशी. मी बारा वर्षं केला, दरवर्षी तिकीट काढून, विमानात बसून. चहा घ्या, सांगतो.

इंग्लंडात, स्लाऊला, रंगाच्या कारखान्यात माझ्या शिफ्टला क्लाईव्ह म्हणून एक गडी होता, कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटाचा. त्याची बहीण मिस पर्ल तिकडं समुद्रकाठी पाहुण्यांना खोल्या देते. मी रिटायर झालो तेव्हा क्लाईव्ह म्हणाला, "शिंदे, एकदा जाऊन ये. थंडीनं तुझी हाडं गंजलीत." मी आणि बायको सुमन, दोघं गेलो. तेव्हापासून दर फेब्रुवारीला आम्ही तिथंच. लोक विचारतात, दुसरीकडं का जात नाही? जीव लागला, त्याला काय करणार.

पहिल्या वर्षी मिस पर्लनं दोन खोल्या दाखवल्या. भाडं सारखंच. समोरची, खिडकी उघडली की समुद्र थेट बिछान्यात. मागची, खिडकी उघडली की पाण्याची काळी टाकी. "समोरची घेता का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नो, नो. एनी रूम."

आता तुम्हीच सांगा, पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? आपण नको म्हणायचं, समोरच्यानं "असं कसं" म्हणायचं, आपण परत नको म्हणायचं, मग त्यानं हात धरून बसवायचं. आमच्या साताऱ्याकडं पाव्हण्यानं एका दमात हो म्हटलं तर आत चुलीपाशी कुजबुज होते. मी दुसऱ्यांदा नको म्हणायच्या तयारीत उभा होतो. मिस पर्ल म्हणाली, "ओके, डार्लिंग," आणि आमची बॅग घेऊन टाकीकडं चालू लागली.

सुमन माझ्याकडं बघत होती. मी हळूच म्हटलं, "थांब, परत विचारेल."

एक वर्ष थांबलो. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलंच नाही. "तुमची खोली ठेवलीय," म्हणाली.

तिसऱ्या वर्षी आमच्या खोलीत एक जर्मन जोडपं उतरलं होतं. मला हायसं वाटलं. पण मिस पर्लनं त्यांना त्याच दुपारी समोरच्या खोलीत हलवलं. "मिस्टर शिंदेंच्या खोलीत दुसऱ्याला कशी राहू देईन?" त्या जर्मनानं माझा हात हातात घेऊन आभार मानले. मीही त्याचे मानले. कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही.

मग मी आडून सुचवायला लागलो. ते मला बरं जमतं असा माझा समज होता. एकदा म्हटलं, "समोर समुद्राचा आवाज फार येत असेल, नाही?" दुसऱ्या दिवशी तिनं आमच्याच खिडकीला जाड पडदे लावले. मागं तरी तो आवाज येऊ नये म्हणून. कधी मी खिडकीत हनुवटी टेकून टाकीकडं बघत बसायचो, जरा दया यावी म्हणून. तिनं शेजारीपाजारी सांगितलं, की टाकी बघून या माणसाला शांत वाटतं.

आणि आम्ही तिच्यासाठी शंकरपाळ्या न्यायचो. ती म्हणायची, "नो, थँक यू." मी वाढायचो. "नो, रियली." मी अजून वाढायचो. तिनं बशीवर हात धरला तर बोटांच्या फटीतून घालायचो. खायची बिचारी. मला वाटायचं, हिला आग्रह कळतो, मग ही करत का नाही?

गेल्या वर्षी सुमनचे दोन्ही गुडघे बदलले. या खेपेला निघायच्या आधी ती म्हणाली, "अहो, मला आता वाळूतनं चालवत नाही. किनाऱ्यावर जाणं काही व्हायचं नाही. पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. टाकीच बघायची तर इथं मागं कौन्सिलचे कचऱ्याचे बिन आहेत, ते बघत पडेन."

"मी बघतो," म्हटलं.

"बारा वर्षं बघताच आहात."

आमची मुलगी नीता मेडनहेडला असते, जन्म इथलाच, मराठी मोडकं. ती त्या दिवशी घरी आली होती. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"बाबा, तुम्ही नो म्हटला."

"वरवर म्हटलं गं."

"तिला काय माहीत वरवर? तो समोरचा खोली पाहिजे ना? मग म्हणायचं, आय वुड लाइक द फ्रंट रूम, प्लीज."

"असं तोंडावर?"

"तोंडावरच. दुसरं कुठे म्हणणार? मी ईमेल करू का तिला?"

"नको, नको. मी सांगतो."

तिनंही परत विचारलं नाही.

मी वाक्य पाठ केलं. दाढी करताना म्हटलं, बसमध्ये म्हटलं. विमानात त्या बाईनं चिकन की पास्ता विचारलं, तर तिलाही तेच म्हणून बसलो.

पोचलो. मिस पर्ल दारातच उभी. तिच्याही हातात आता काठी आलीय. मी तोंड उघडलं, "आय वुड..."

"आधी डोळे मिटा," ती म्हणाली, आणि माझा दंड धरून मागं घेऊन गेली.

डोळे उघडले तर मागच्या खोलीच्या दारावर पाटी, माझ्या नावाची. आणि खिडकीतून टाकी. टाकीवर समुद्र काढलेला. निळं पाणी, होडी, मासे, वर सूर्य. पेंटरला तीन दिवस लागले म्हणे. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या साध्या टाकीवर माया केलीत," मिस पर्ल म्हणाली, "म्हटलं, तिला जरा नटवू." तिचे डोळे भरून आले होते.

अशा बाईला तोंडावर काय सांगायचं? मी म्हटलं, "ब्युटिफुल."

सुमन मागं काठी टेकून उभी होती. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरळ. ती म्हणाली, "पर्ल, मला समोरची खोली पाहिजे. मला झोपून समुद्र बघायचाय."

"अगं, मग घे की. मला बारा वर्षं वाटायचं, नवऱ्याच्या त्या टाकीपायी ही बिचारी किती सोसते."

"सोसलं," सुमन म्हणाली.

झालं. एवढंच होतं ते. मग मिस पर्ल माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही? समोर दोघांची जागा आहे. की इथंच बरं?"

दारावर माझं नाव, टाकीवर तीन दिवसांचं काम, बाईच्या डोळ्यांत पाणी. तोंडातनं निघून गेलं, "नो, नो. आय ॲम फाइन हियर."

"ओके, डार्लिंग."

मी सुमनकडं बघितलं. म्हटलं ही तरी आपल्यातली, ही तरी आग्रह करील. ती म्हणाली, "असू दे, रंगवलीय तुमच्यासाठी," आणि पर्लबरोबर निघून गेली.

तीन दिवस मी टाकी बघितली. मासे सात आहेत. एकाचा डोळा काढायचा राहिलाय. समोरून दोघींचं हसणं ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी सकाळी मी समोरचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"काय पाहिजे?"

गोळ्या घेतल्यास का, हवा बरी आहे ना, असं काहीबाही जिभेवर आलं. ते गिळलं. म्हटलं, "समुद्र बघायचाय."

"मग या की आत. सांगायचं ना."

आत खिडकीपाशी दोन खुर्च्या, दोन काठ्या, दोघी चहा घेत बसलेल्या. तिसरी खुर्ची नव्हती. मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. भरती होती. पाणी अगदी भिंतीपर्यंत आलेलं, त्यावर ऊन. मी चांगला हात टेकून बघत होतो.

"अहो," सुमन मागून म्हणाली, "बाजूला व्हा जरा. समुद्र दिसेना."