वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलेला भाव

घरांच्या भावाचा विषय निघाला की ती घटना आजही आठवते आणि वाईट वाटतं.

पश्चिम दिल्लीतल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपल्यावर एक मराठी जोडपं आलं. गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सगळा संसार आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झालेला. हातात आलेल्या पैशातून त्यांनी एका जुन्या इमारतीचा पहिला मजला घेतला होता. दलालाने तो आतून पार नवा केला होता. संगमरवरी फरशी, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, काही म्हणता काही कमी नाही. पण गल्ली नाल्याला लागून. पावसाळ्यात तिथे गुडघाभर घाण पाणी साचायचं. मुलाच्या धंद्यासाठी घर तारण ठेवायची वेळ आली, तेव्हा बँकेच्या माणसाने सांगितलं की या जागेला एवढा भाव येणं शक्यच नाही.

मी ठाण्यात नेहमी द्यायचो तेच उत्तर दिलं. "महाग घेतलं हा गुन्हा होत नाही. घर तुम्ही बघून घेतलंत."

त्यावर गृहस्थांच्या पत्नी बोलल्या.

"साहेब, भावाची शंका आम्हालाही आली होती. म्हणून वरच्या मजल्यावर विचारलं. त्या बाई मराठी निघाल्या. पोहे केले. म्हणाल्या, आम्हीही याच भावाने घेतलं, मागच्या बाजूचं घर तर याहून जास्तीला गेलं. आपलं माणूस भेटलं म्हणून आम्ही पुढे कुणाला विचारलंच नाही."

मी तक्रार नोंदवून घेतली. दलालाला बोलावलं. तो निवांत होता. "साहब, मैंने तो यही कहा था कि पड़ोसियों से पूछ लीजिए." खरंच, त्याने स्वतःच्या तोंडाने काहीच खोटं सांगितलं नव्हतं.

तपास तिथेच अडला. मग एका दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. "पीछे वाला मकान बिका ही नहीं है," एवढं बोलून तिने फोन ठेवला. निबंधक कार्यालयात चौकशी केली. ते घर खरोखरच विकलं गेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. महिला हवालदार शेजारी होती. बाई हिंदीत ठामपणे नाकारत राहिल्या. आवाज मात्र फोनवरचाच वाटला. मी मराठीत विचारलं, "ताई, फोन तुम्हीच केला होता ना?"

त्या रडायला लागल्या. त्यांनाही त्याच दलालाने तसंच फसवलं होतं. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, घर विकून मुलीकडे जायचं होतं, गिऱ्हाईक मिळेना. दलाल म्हणाला होता, खालचं घर या भावाला जाऊ द्या, मग तुमचंही विकून देतो.

"मी बोलून गेले, साहेब. मग त्या वहिनी मला भाजी पाठवायला लागल्या. घशाखाली उतरेना."

त्यांना माफीचा साक्षीदार करावं, असं मी लिहून पाठवलं. वरिष्ठांकडून नकार आला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, त्यामुळे दलालाविरुद्ध काहीच उरलं नाही आणि तो सुटला. बाई मात्र आरोपी राहिल्या, कारण खोटं त्यांच्या तोंडून गेलं होतं आणि ऐकणारे दोघे साक्षीला होते. तारखांना त्या एकट्या येत. शेवटी तक्रारदारांनीच तडजोडीचा अर्ज दिला आणि खटला मिटला.

कोर्टाबाहेर मी तक्रारदार वहिनींना विचारलं, "का सोडून दिलंत?"

"त्या वर, आम्ही खाली. दोघींनाही घर विकायचंय. आता वरचं घर बघायला येणारे भाव मला विचारतात."

"मग काय सांगता?"

"खरं तेच. परवा एक मराठी जोडपं आलं होतं. नाल्याचंही सांगितलं. परत आले नाहीत."

या प्रकरणाने मला एक शिकवलं. फरशी कितीही चकचकीत असो, भाव गल्लीचा असतो. तो चार अनोळखी माणसांना विचारावा, आणि आपल्या भाषेत बोलणाऱ्यालाही तुम्हाला यात काय मिळणार, हे विचारायला लाजू नये. मी बदली होऊन गेलो तेव्हा त्या दोघी तिथेच राहत होत्या. आणि दलालाने पुढच्या गल्लीत दुसरं जुनं घर सजवायला घेतलं होतं.