जाळीच्या कपाटातला पाहुणा

माझ्या सासऱ्यांच्या तावडीतून आजवर कुणीही भुकेला सुटलेला नाही. गडमुडशिंगीतल्या त्यांच्या घरी विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही दोन भाकरी आणि तांब्याभर ताक रिचवूनच बाहेर पडतो. ‘आत्ताच जेवून आलोय’ हे वाक्य त्यांना ऐकूच येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी हातांवरच भात वाढला आणि म्हणाले, “पावणं, हात बी जेवू द्यात की!”

अशा माणसाच्या स्वाधीन माझ्या लेकीने आपला शॅमेलिऑन केला. शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा. तीन महिन्यांचा, बोटाएवढा आणि रीतसर नोंदणीचे कागद असलेला. लेक पुण्याला शिकायला निघाली होती. तिच्या वसतिगृहात सरडा चालत नव्हता आणि आमच्या घरात तिची आई चालू देत नव्हती.

निवाऱ्याचं काम मात्र सासऱ्यांनी झकास केलं. काचेच्या पेटीत त्याचा जीव घुसमटेल म्हणून सासूबाईंचं दूध-भाकरी ठेवायचं जाळीचं कपाट माडीवरून खाली आणलं. त्या गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मधल्या फळ्या काढून आत जास्वंदीची कुंडी ठेवली, आडव्यातिडव्या फांद्या बांधल्या, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा दिवा वर टांगला. सरडा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, हे कळल्यावर सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारू लागले. त्याचं खाणं म्हणजे बारीक रातकिडे. पण तेही सासऱ्यांना रोडावलेले वाटले. “किडाच उपाशी, तर खाणाऱ्याच्या अंगाला काय लागणार, कपाळ?” असं म्हणून त्यांनी आधी रातकिड्यांनाच गाजर खाऊ घातलं. हे अगदी बरोबर आहे असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हा दोन दिवस ते गावभर मिरवले.

पण सरडा काही खाईना. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर सासरे जाळीला नाक लावून स्टुलावर बसलेले. “खा की रं बाळा. लाजतोस कशाला? आपलंच घर हाय.” सरडा काळपट पडला होता. त्याचा एक डोळा सासऱ्यांवर आणि दुसरा दाराकडे होता. त्यांच्याकडे जेवायला बसलेल्या प्रत्येकाची नजर अशीच असते, पण ते मी बोललो नाही, कारण सासऱ्यांचं स्वतःचं ताट बाजूला तसंच झाकून पडलं होतं.

“पोरीनं इस्वासानं दिलाय, पावणं. ह्यो गेला तर तिला काय सांगू?”

मी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून सासऱ्यांपुढे धरला. “आजोबा, तो तुम्हाला घाबरतोय. त्याला आग्रह करू नका. खाऊ ठेवा आणि पाठ फिरवून बसा.”

“जेवणाऱ्याकडं पाठ?” सासऱ्यांचा चेहरा पडला. पण रातकिड्यांची वाटी आत ठेवून त्यांनी स्टूल भिंतीकडे वळवलं. मी दाराआड उभा राहिलो. बऱ्याच वेळाने सरड्याचा काळपटपणा ओसरला, हिरवा रंग आला, आणि त्याच्या अंगापेक्षा लांब जीभ सुटून परतही गेली.

“खाल्लं,” मी हळूच म्हणालो.

“किती?”

“एक. थांबा, दोन.”

सासरे वळले नाहीत. नुसते उपरण्याने डोळे पुसत राहिले.

सरडा आता वीतभर झालाय. त्याचं पोट भरेपर्यंत सासरे रोज भिंतीकडे तोंड करून बसतात. दुसऱ्याला जेवताना बघणं हेच ज्याचं सुख, त्या माणसाने या सरड्याला एकदाही खाताना पाहिलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून मी गेलो की दाराआडून बघतो आणि मग त्यांना सगळं सांगतो, जीभ कुठवर गेली, कसं चावलं, शेवटचा किडा कसा टिपला. ते डोळे मिटून ऐकतात. माझं सांगून संपलं की दर वेळी विचारतात, “आवडीनं खाल्लं न्हवं?”